पाठमोऱ्यांचा अल्बम

आमच्या भाऊजींनी नगर जिल्ह्यावर जेवढं प्रेम केलं, तेवढं खुद्द नगर जिल्ह्यानंही स्वतःवर कधी केलं नसेल. जिल्ह्याला याची काही कल्पना होती असं मला वाटत नाही. जिल्हा आपला उन्हात पडलेला असायचा, वर्षातले दहा महिने तपकिरी आणि उरलेले दोन महिने जरा हिरवट तपकिरी; आणि भाऊजी त्याच्याकडे असे बघायचे, जशी एखादी आई आपल्या पहिल्या पोराकडे बघते. पोराच्या डोक्यावर एक केस नाही, नाक बसकं आहे, हे आल्यागेल्याला दिसतं. आई मात्र विचारते, "बघितलंत का, कपाळ कसं भव्य आहे ते!"

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. सरकारच्या मोजणी खात्यात होते. साखळ्या आणि निशाणं घेऊन उभा जिल्हा त्यांनी पायांखाली घातलेला. कुठल्या गावच्या शिवेचा दगड कुठं आहे, कुठला ओढा कुठं वळतो आणि न वळता तर काय झालं असतं, हे त्यांना पाठ. आता मोजणीवाल्याच्या दृष्टीनं झाड म्हणजे काय? नजरेच्या रेषेत आलेला अडथळा. त्यामुळे ज्या उघड्याबोडक्या माळाकडे बघून आमच्यासारख्या पुण्याकडच्या माणसांचा घसा कोरडा पडायचा, तो भाऊजींना जगातला सर्वात सुंदर देखावा वाटायचा. इथून तिथवर सगळं दिसतं, मधे काही नाही! त्यांच्या शेजारचे वकील एकदा काश्मीरला जाऊन आले आणि कौतुकानं फोटो घेऊन दाखवायला बसले. भाऊजींनी एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून नीट पाहिला आणि गठ्ठा परत करत हळहळून म्हणाले, "फोटो छान आलेत वकीलसाहेब, पण सगळीकडं झाडंच मधे आलीत हो. जमीन कुठं दिसतच नाही."

भाऊजींचा स्वतःचा एक कॅमेरा होता. काळा चौकोनी डबा, समोर एक भिंग, मागे लाल काचेची एक बारीक खिडकी. त्या खिडकीत आकडा दिसायचा. एका रोळात फोटो बारा. डबा पोटाशी धरून वरून वाकून बघायचा, म्हणजे फोटो काढताना भाऊजी समोरच्या डोंगराला नमस्कार करतायत असं वाटे, आणि तसे ते करत असले तरी मला नवल वाटलं नसतं. फोटोत माप कळायला माणूस हवाच, असं त्यांचं मोजणीखात्याचं शास्त्र. म्हणून डोंगर असो, दरी असो, समोर एक माणूस उभा करायचे. पण तो पाठमोरा! देखाव्याकडे तोंड करून. कुणी चुकून मागे वळलंच तर ओरडायचे, "पुढं बघा, पुढं! चेहरे काय, घरी आरशात आहेतच. डोंगर आहे का घरात?"

याचा परिणाम असा झाला, की ताईच्या घरी दोन जाडजूड अल्बम आहेत आणि त्यांत आमच्या अख्ख्या नात्यागोत्याच्या पाठी आहेत. मुलं मोठी झाली ती पाठीवरून कळतं. आत्याबाईंचा अंबाडा कसा वर्षागणिक लहान होत गेला, मधल्या काकांच्या टोपीखालून टक्कल कसं हळूहळू खाली उतरत आलं, याचा इतका चोख पुरावा दुसऱ्या कुठल्या घरात नसेल. माझ्या लग्नानंतर आम्ही नवरा-बायको जोडीनं ताईकडे गेलो, तेव्हा भाऊजींनी आम्हाला गच्चीवर नेलं, लांबवरच्या शाह डोंगराकडे तोंड करून उभं केलं आणि लग्नाचा म्हणून तो फोटो थेट माझ्या सासऱ्यांना पाठवून दिला. माझी सासुरवाडी रत्नागिरीकडची. पंधरा दिवसांनी सासऱ्यांचं कार्ड आलं: 'फोटो पोचला. डोंगर उत्तम. माणसे कोण ते कळवावे.'

भाऊजींनी ते कार्ड जपून ठेवलं. 'डोंगर उत्तम' एवढंच त्यांनी वाचलं असणार.

आणखी एक सांगायचं राहिलं. जिल्ह्यातल्या प्रत्येक रस्त्यावर भाऊजींच्या फोटोच्या जागा ठरलेल्या होत्या आणि तिथे दगडावर त्यांनी चुन्यानं पांढरे ठिपके काढून ठेवले होते. त्या ठिपक्यावर पाय ठेवून उभं राहिलं की देखावा अगदी बरोबर दिसतो, असं त्यांचं म्हणणं. गाडीत चुन्याचा डबा आणि कुंचला कायमचा. गाडी म्हणजे एक शेवाळी रंगाची जुनी मोटार, चार मालकांच्या हातून भाऊजींकडे आलेली. ती दर दहा-बारा मैलांना तापायची आणि फुसफुसून उभी राहायची. आता भाऊजी फोटोसाठी थांबत आणि तेवढ्यात गाडी तापून घेई, की गाडी तापली म्हणून भाऊजींना तिथलं सौंदर्य दिसे, यावर आमच्या घरात दोन तट होते. ताई दुसऱ्या तटात होती. ती म्हणायची, "नवी गाडी घेतली असती, तर निम्मा जिल्हा यांना कुरूप वाटला असता."

तर बहात्तरच्या दुष्काळाचा तो उन्हाळा. मी तेव्हा पाथर्डीच्या एका हायस्कुलात मास्तर होतो. ही नोकरी मला भाऊजींनीच पाहून दिलेली. "पाथर्डीसारखं गाव नाही. सगळीकडून डोंगर दिसतात," एवढ्या शिफारशीवर मी पुणं सोडून गेलो होतो. पाऊस सलग दगा देत आलेला, विहिरींचे तळ दिसायला लागलेले. टँकर आला की माझी बायको हंडा घेऊन रांगेत उभी राहायची. नारळी-पोफळीच्या आगरात वाढलेली, दाराशी बारमाही विहीर असलेली मुलगी ती. एक दिवस सासऱ्यांचं पत्र आलं, की मी भेटीस येत आहे. भेटीस म्हणजे न्यायला, हे आम्हाला दोघांनाही कळलं. त्यांच्या गावच्या शाळेत मास्तरची जागा रिकामी झाली होती आणि शाळेच्या कमिटीवर ते स्वतः होते.

मामा, म्हणजे सासरे, नगरला ताईच्या घरी उतरले. आम्ही दोघं त्यांना आणायला गेलो. आल्याआल्या त्यांनी मला बाजूला घेऊन एक छापील अर्ज हातात ठेवला. सगळा त्यांनीच भरून आणला होता. फक्त माझी सही तेवढी बाकी. "मुलीचे हात बघितलेत का?" एवढंच ते म्हणाले. मी बघितले होते. खरं सांगायचं तर अर्ज बघून मला सुटल्यासारखं झालं. बायकोला विचारायची गरजच वाटली नाही. तिच्या मनातलं मी ओळखून होतो. लग्नाला वर्ष झालेल्या माणसाला असं वाटतंच. फक्त भाऊजींना कसं सांगायचं, हा प्रश्न होता. म्हटलं, पाथर्डीला पोचू, सही करू आणि तिथून पत्र टाकू. समोरासमोर खोटं बोलण्यापेक्षा लांबून खरं लिहिणं मला नेहमीच सोपं गेलं आहे. अर्ज घडी करून खिशात ठेवला.

पण भाऊजींना वास लागलाच. मामा रात्री मुक्कामाला होते, ते जेवताना एवढंच म्हणाले होते, "काय हो हा प्रदेश! गाडीतून बघितलं तर डोळ्याला गारवा म्हणून नाही." भाऊजींचा घास तिथंच थांबला. सकाळी बघतो तर गाडी पुसून दारात उभी, कॅमेऱ्यात नवा रोळ आणि मागे रेडिएटरसाठी पाण्याचा पत्र्याचा डबा. "पाहुण्यांना मी सोडतो पाथर्डीला," भाऊजींनी जाहीर केलं, "एस.टी.तून जिल्हा दिसत नाही." ताईनं दोन वेळचं जेवण बांधून दिलं. म्हणाली, "एस.टी. दोन तासांत जाते. तुम्ही निघा वेळेवर, म्हणजे अंधाराच्या आत पोचाल."

पुढे भाऊजी आणि मामा, मागे आम्ही दोघं. शहराबाहेर पडल्यावर शाह डोंगरावर चांदबिबीचा महाल लागतो, तिथे पहिला थांबा. "महाल चांदबिबीचा नाही," भाऊजींनी सुरुवातीलाच खुलासा केला, "सलाबतखानाची कबर आहे. पण नाव चांगलं पडलंय तर कशाला मोडा?" मग मामांना दंडाला धरून त्यांनी चुन्याच्या ठिपक्यावर नेलं. "असं. डावीकडं. अजून अर्धं पाऊल. बस! आता बघा." खाली सगळं नगर उन्हात भाजत पडलं होतं, किल्ल्याचा गोल खंदक अंगठीसारखा दिसत होता. भाऊजींनी वाकून खटका दाबला. एक नंबर झाला.

मामांनी बघितलं, "हं," म्हणाले आणि परत येऊन गाडीच्या मागचा डबा उघडून हातपाय धुतले. तोंड धुतलं. सवयीनं चार चुळा भरून लांबवर थुंकल्या. त्यांच्या गावी माणूस बाहेरून आला की पायांवर बादलीभर पाणी घेतल्याशिवाय ओटीवर चढत नाही. मी थांबवणार होतो. पण जावयानं सासऱ्याच्या पायांवरचं पाणी मोजायचं म्हणजे! भाऊजी परत आले तेव्हा डब्यात तळाला चार ओंजळी पाणी उरलं होतं. त्यांनी डब्यात बघितलं, मामांच्या ओल्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं केलंत. ताजंतवानं वाटतं." असला मोठेपणा मी त्यांच्यापाशी नेहमी पाहिला. रेडिएटरमध्ये मात्र तो ओतता येत नव्हता.

मग दोन, तीन, चार, पाच. एक नुसता माळ. क्षितिजावर एक बाभूळ. "ती बाभूळ जरा मधे येते," म्हणून भाऊजींनी आम्हा तिघांना एकामागे एक उभं करून ती झाकून टाकली. मग एक कोरडी नदी, तिच्या पात्रात मोटार नेऊन फोटो. दर वेळी बारावा नंबर मात्र राखून ठेवल्याचं सांगत. "बारावा शेवटी. पाथर्डीच्या वरच्या टेकडीवरून. पाहुणे, तिथनं पश्चिमेला गर्भगिरीची सगळी रांग दिसते आणि खाली तुमच्या जावयाची शाळा. ते बघितल्यावर तुम्हीच म्हणाल, की पोरीला चांगल्या ठिकाणी दिली." हे ते इतक्या वेळा म्हणाले, की एवढ्या एका फोटोवर त्यांनी सगळा खटला उभा केला आहे हे माझ्या ध्यानात आलं, आणि खिशातला अर्ज मला टोचायला लागला.

करंजीच्या घाटमाथ्यावर तर कमाल झाली. प्रत्येक फोटोची नोंद ठेवायची भाऊजींची पद्धत होती: नंबर, दिशा, उन्हाची वेळ. तिथे त्यांची वही सापडेना. "मास्तर, कागद काढा एखादा." मी म्हटलं, "नाही हो भाऊजी." "मास्तर माणूस आणि खिशात कागद नाही?" म्हणत त्यांनी हसत हसत माझ्या वरच्या खिशातून डोकावणारी घडी ओढली आणि उलगडली. वाचली. पूर्ण वाचली, मोजणीवाला माणूस कुठलाही कागद अर्धा वाचत नाही. शाळेचं नाव, माझं नाव, आणि सहीची रिकामी जागा. मामा दरीच्या कडेला पाठमोरे उभे होते, त्यांना पत्ताच नाही. मला वाटलं आता भाऊजी काहीतरी बोलतील. बोलावं असं वाटत होतं. त्यांनी कागद पालथा घातला, गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि पेन्सिलीनं मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'नऊ. करंजी घाट. पूर्वेकडे. पाहुणे उभे.' मग घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.

घाटाच्या वळणावर दहावा झाला, आणि घाट उतरल्यावर मोटारीनं मान टाकली. टोपणाखालून वाफ फसफसायला लागली. डब्यात चार ओंजळी पाणी होतं ते घातलं, ते आत पोचायच्या आधी नाहीसं झालं. "आता निवेस्तवर थांबायचं," भाऊजी म्हणाले. मैल दीड मैल कुठे सावली नाही. रस्त्यापासून थोडं आत मात्र माणसं दिसत होती. पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं. दोन टेकड्यांच्या मधे मातीचा बांध चढत होता, आणि बायका डोक्यावर पाट्या घेऊन मुंग्यांसारख्या ये-जा करत होत्या. बांधाची पुरुषभर सावली पडली होती. आम्ही तिथे गेलो.

दुपारची सुट्टी झाली होती. दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी खाऊन बायका बांधाला टेकून बसल्या होत्या. त्यांत एक गयाबाई म्हणून होती, पन्नाशीची, काटक, सगळ्यांची पुढारी. तिनं मामांना आपल्या शेजारची जागा झटकून दिली.

"कुठलं गाव पावनं?"

"रत्नागिरीकडचं."

"तिकडं लई पानी म्हनं?"

"इतकं, की नकोसं होतं," मामा घाम पुसत म्हणाले.

गयाबाई मागे वळली. "ऐकलं का गं? पानी नकोसं हुतं म्हनत्यात!" आणि सगळ्या जणी अशा हसल्या, की एकीला ठसका लागला. मामांना कळेना, आपण काय विनोद केला. मग गयाबाईनं आपल्या घागरीतून तांब्या भरला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. भाऊजींनी सांगितलं, "बाई, गाडीला नको हं. पाहुण्यांना फक्त." "गाडीला कोन देतंय?" ती म्हणाली, "गाडीला काय जीव हाय?"

मामांनी तांब्या तोंडाला लावला, पहिला घोट तोंडात घेतला आणि सवयीनं चूळ खळखळवून मान बाजूला वळवली. आणि थांबले. वीस-पंचवीस बायका त्यांच्या फुगलेल्या गालांकडे बघत होत्या. मामांनी डोळे मिटले आणि ती चूळ गिळली. मग बाकीचं पाणी थेंब न सांडता प्यायले आणि तांब्या उपडा करून परत दिला.

गाडी निवायला तास-दीड तास लागणार होता. भाऊजींना स्वस्थ बसवेना. "चला पाहुणे, तळं दाखवतो," म्हणाले, आणि मामांना घेऊन बांधाच्या आतल्या कोरड्याठाक खड्ड्यात उतरले. "दोन पावलं पुढं. बस!" मग भाऊजींनी एक डोळा मिटून, जादा पाणी जिथून वाहून जाणार त्या सांडव्याच्या दगडाकडे नेम धरला, हात आडवा केला आणि म्हणाले, "तळं भरलं की तुमच्या टोपीच्या वर हातभर पाणी." मामांनी वर बघितलं. वर नुसतं पांढरं आभाळ होतं. पण मी शपथेवर सांगतो, त्यांनी श्वास रोखला.

"आणि पाऊसच नाही पडला तर?" त्यांनी विचारलं.

गयाबाई वर बांधावर उभी होती. ती म्हणाली, "न्हाई पडला तर न्हाई पडला. आमी जागा करून ठिवली. आता यायचं का न्हाई त्येचं त्येनं बघावं."

भाऊजींचं तोंड त्या वेळी बघण्यासारखं झालं. जिल्ह्याची एवढी वर्षं वकिली केली, आणि इतकं नेमकं वाक्य त्यांना कधी सुचलं नव्हतं. ते एकदम गाडीकडे धावले, चुन्याचा डबा आणला, खड्ड्याच्या तळाशी जिथे मामा उभे होते तिथल्या दगडावर पांढराफेक ठिपका काढला. मग कॅमेरा काढला. लाल खिडकीत अकराचा आकडा होता. "अकरावा इथंच," म्हणत त्यांनी बायकांना बांधाकडे तोंड करून, पाठमोरं उभं राहायला सांगितलं. खटका वाजला, चावी फिरली.

"सायेब," गयाबाई म्हणाली, "काय काढलं?"

"फोटो. तुम्ही आणि बांध."

"आमी म्हंजी आमच्या पाठी?"

"हो. तसाच काढतात," भाऊजी म्हणाले. म्हणजे ते तसाच काढत.

"पाठी काय काढता वं? पाठी तर मुकादम रोज बघतोय," ती म्हणाली. "दिसभर वाकून पाठीच दिसत्यात आमच्या. तोंडं काढा की. उद्या तळं भरलं तर कोन म्हनंल का, गयाबाईनं माती टाकली?"

भाऊजींनी डबा फिरवून मागं बघितलं. लाल खिडकीत आता बारा आला होता. बारावा, गर्भगिरीचा, माझ्या शाळेचा, राखून ठेवलेला. त्यांनी एकदा पाथर्डीच्या दिशेला बघितलं, एकदा मामांकडे बघितलं. मग कॅमेरा पोटाशी धरला आणि म्हणाले, "बसा. पुढं बघा. माझ्याकडं."

तेवढ्यात लक्षात आलं, की माझी बायको कुठे दिसत नाही. बघतो तर ती पदर खोचून, कुणाची तरी चुंबळ डोक्यावर ठेवून, मातीनं भरलेली पाटी घेऊन बांध चढत होती. दोन बायका तिला हसत होत्या आणि तिसरी खालून "हळू गं बाई, हळू" करत होती. तिनं वर जाऊन पाटी रिकामी केली, हात झटकले आणि खाली येऊन गयाबाईच्या शेजारी बसली. "आता काढा भाऊजी," ती म्हणाली. भाऊजी वाकले आणि डबा नीट सावरायच्या आतच खटका दाबून बसले. समोरून येणारे एवढे चेहरे त्या भिंगाला आणि त्यांनाही पहिल्यांदाच भेटत होते.

पाथर्डीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. रोळ संपला होता, टेकडीवर जायला वेळ नव्हता. भाऊजींचा सगळा खटला पुराव्याविना पडला होता. चहा झाल्यावर मामांनी विषय काढलाच. "जावईबापू, तो अर्ज?"

मी भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी खिशातून घडी काढली, पण दिली नाही. म्हणाले, "माझ्याकडं आहे. मागं थोडं लिहिलंय. खोडून देतो." आणि खरंच त्यांनी शाळकरी पोरासारखं रबर मागितलं. ते रबर शोधत मी उठलो, तेवढ्यात बायको बोलली. वर्षभरात मी तिच्या मनातलं इतकं ओळखलं होतं आणि त्यातलं एक अक्षर बरोबर नव्हतं.

"बाबा, माझी पाटी पडलीय त्या बांधात. भरलेलं बघितल्याशिवाय मी कुठं येत नाही."

मामांनी चहाचा रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. भरलं की कळवा." हात धुवायला उठले, मोरीत गेले आणि अर्धा तांब्या वापरून परत आले.

रोळ धुऊन आला. अकरा फोटोंत नेहमीप्रमाणे पाठी. बारावा जरा हललेला. पण त्यात पंचवीस बायकांचे हसरे चेहरे, मधे गयाबाई ताठ मानेनं, शेजारी मातीनं भरलेल्या कपाळाची माझी बायको, कडेला डोळे मिटलेला मी. आणि एकच माणूस पाठमोरा: मामा. खटका दाबायच्या क्षणाला ते वळून बांधाकडे बघत होते. भाऊजींनी या फोटोची एक प्रत गयाबाईला स्वतः नेऊन दिली, आणि दुसरी सासुरवाडीला धाडली. कार्ड आलं: 'फोटो पोचला. माणसे ओळखली.'

पुढच्या भाद्रपदात तळं भरलं. बायकोनं दोन शब्दांचं पत्र टाकलं आणि मामा मिळेल त्या एस.टी.नं आले. आम्ही सगळे काठावर उभे राहिलो. चुन्याचा ठिपका पाण्याखाली कुठेतरी होता. "टोपीच्या वर हातभर," मामा स्वतःशीच म्हणाले. भाऊजींनी फोटो काढला नाही. त्यांनी कॅमेरा माझ्या बायकोच्या हातात दिला, "धरा जरा," म्हणाले आणि एकटेच पुढे चालत जाऊन पाण्याच्या कडेला हात मागे बांधून उभे राहिले. लोकांना उभं करण्यात जन्म गेलेला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः जागेवर उभा राहिला. बायकोनं खटका दाबला, हे त्यांना कळलंही नाही.

मी पाथर्डीतच निवृत्त झालो. भाऊजींना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते गेले तेव्हा हार घालायला फोटो शोधला, तर दोन अल्बम भरून माणसं होती, पण कॅमेऱ्यामागचा माणूस त्यांत कुठेच नव्हता. सापडला तो तेवढा एकच, तळ्याच्या काठचा. ताईनं तो मोठा करून भिंतीवर लावला. टोपी, मागे बांधलेले हात, जरा झुकलेले खांदे, आणि पलीकडे पाणी, त्यापलीकडे उघडे डोंगर. नवा कुणी आला, की फोटोपाशी अडखळतो, हाराखाली वाकून बघतो आणि विचारतो, "चेहरा दिसत नाही हो यांचा?"

ताई सुपारी कातरता कातरता सांगते, "त्यांच्याकडं काय बघता? ते काय बघतायत ते बघा."

आणि पाहुणा बघतो. मी पाहिलंय, प्रत्येक जण बघतो. नकळत अर्धं पाऊल डावीकडे सरकतो, आणि थांबतो.